गुहेतला दिवा

आई, सकाळपासून एक काम धड होईना. कुकर लावायचा विसरले, भाजीचा टेम्पो खालून हॉर्न वाजवून निघून गेला, आणि मी आपली मोबाईल घेऊन ओट्याशी उभी. काल दादा म्हणाला, तसला कॉम्प्युटरवरचा खेळ भोरला कधी नव्हताच, तुला स्वप्न पडलं असेल. डोकंच फिरलं माझं. म्हणून शोधून काढलं, तो गुहेचा खेळ कुठकुठल्या घरगुती कॉम्प्युटरवर निघाला होता ते. स्पेक्ट्रमवर होता, अटारीवर होता, अमिगावर तर म्हणे चित्रंसुद्धा होती. आणि तू शिकवायचीस त्या शाळेतल्या बीबीसी मायक्रोवरही होता, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. लगेच दादाला फोन केला, तर म्हणतो, बरं, मग?

मग काय! शनिवारी शाळा सुटली की तू मला कॉम्प्युटरच्या खोलीत न्यायचीस. चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतो तशा. कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत आपण भाजलेल्या शेंगा खायचो. मग तू इंग्रजी वाक्य वाचतेस आणि मला आपल्या उत्रोलीच्या बोलीत सांगतेस, दगडाची पायरी हाय, खाली अंधार लई, उतरायचं का? मी म्हणते, उतरू. तू टाईप करतेस. आणि दर वेळी एकाच जागी घोडं अडतं. हातातल्या दिव्याची बॅटरी संपते, आपण खड्ड्यात पडून मरतो. एकदा मी सुचवलं, उजेड असेल तिथं दिवा बंद ठेवू या की. तू हात थांबवलास. "लावलेला दिवा आपल्या हातानं विझवायचा न्हाई. संपला तर संपू दे." विज्ञानाची बाई तू, ग्रहणात मुद्दाम जेवणारी! आजही मला राग येतो त्याचा.

अगदी शेवटी, दवाखान्यात, तुला दुसरं काही आठवलं नाही. "त्या गुहेच्या पल्याड काय असंल गं?" मी म्हटलं, बघून सांगते. तोवर शाळेतली मशिनं भंगारात गेली होती. एवढी वर्षं ते वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही.

आता जुन्या मशिनचं सोंग घेणारं काहीतरी मोबाईलवर मिळतं. दुपारी खेळायला बसले. गुहेत उजेडाच्या जागी आले, आता दिवा बंद करायचा, एवढंच. पण बोट पुढं जाईना. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी देवापुढचं निरांजन लावलं, भर दुपारी, आणि मग खेळातला दिवा बंद केला. सून बघत होती.

दिवा पुरला, आई. आपण कधीच पोचलो नव्हतो तिथं पोचले. पल्याड एक मोठं दालन आहे आणि कोपऱ्यात आणखी एक पायरी, खाली जाणारी. बस, एवढंच कळलंय. हे लिहून पाठवणार तरी कुठं म्हणा. आणि खरं सांगू, "उतरू" असं मी मोठ्यानं म्हणाले, पण मोबाईल अजून तसाच पडलाय. टाईप तू करायचीस.