एकशे वीसच्या पुढे

७ डिसेंबर, रविवार

पुन्हा टिटी-टिटी! ह्यांच्या घड्याळानं आज सकाळी तीनदा बोंब मारली आणि तिन्ही वेळा मी मागून ओरडले — "अहो, हळू!"

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला तेव्हापासून हा नेम आहे. ठोके एकशे वीसच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय. गेले की मनगटावरचं घड्याळ कोकलतं, हे पाय मारायचं थांबवतात, मी सायकल आडवी घालून ह्यांचं तोंड न्याहाळते. घाम किती, ओठ कसे. मग पाणी पाजायचं आणि पुन्हा निघायचं. आमची सायकलफेरी ती ही अशी.

एक गोष्ट फक्त इथंच लिहिते. आज ह्यांच्यामागं रेंगाळताना माझे पाय शिवशिवत होते. पुढं जायचं होतं त्यांना!

१० डिसेंबर

वर्ध्याच्या शंभर किलोमीटर राइडचा मेसेज आला. फेब्रुवारीत आहे. आधी हे दरवर्षी जायचे, येताना सगळ्यांना सांगत यायचे, दोन दिवस घरात दुसरा विषय नसायचा. आज मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

मी शिलाई मशीनवर जाऊन बसले. पण मला जायचंय. मला! सत्तेचाळीस वर्षांची बाई, ब्लाउज शिवते, वर्षापूर्वी लेकीची, मेघाची जुनी सायकल काढली ती फक्त ह्यांच्यावर नजर ठेवायला — स्कुटी इतकी हळू चालवली की डुगडुगते म्हणून. आणि आता रात्री डोळे मिटले की रस्ता दिसतो. वेड लागलंय मला.

पण सांगू कुठल्या तोंडानं? ह्यांचं जे हिरावलं गेलं, नेमकं तेच मला हवंय.

१४ डिसेंबर

तुरीच्या शेंगा सोलायला दोघं बसलो होतो. हळूच विचारलं, "अहो, आपले ठोके जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, ते कळतं कसं?"

गडी एकदम फुलला! "दोनशे वीसमधून वय वजा करतेत. पण तो साऱ्या दुनियेचा अंदाज हाये. आपलं आपल्यालेच मोजा लागते. चांगलं अंग तापवायचं, मंग चढावर सायकल अशी हाणायची का आणखी जोरच उरला नाई पायजे. तो आकडा भेटला का मंग सराव त्याच्या हिशोबानं. जास्तीचा आरामात, थोडासाच मरमर." हातातली शेंग हातातच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. "तुले काय करा लागते?"

"सहज," म्हटलं.

सोले सगळे टोपलीबाहेर पडत होते माझे.

१९ डिसेंबर

ह्यांच्या तपासणीला गेलो होतो, तिथं माझीही करून घेतली. बायकांनीही करावी वर्षातून एकदा, असं काहीतरी बोलून. छातीचा ईसीजी काढला, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कसलंच बंधन नाही, ताई."

आनंदानं ओरडावंसं वाटलं! पण हे बाजूच्याच खुर्चीवर बसले होते. मी रिपोर्टची घडी घालून पिशवीत टाकली.

२३ डिसेंबर

चढ हवा. पण आमच्या सिंदीत चढ आणायचा कुठून? सगळं तव्यासारखं सपाट. एक तो रेल्वेवरचा पूल तेवढा. म्हणून दुपारी हे झोपले की पुलावर! ह्यांना सांगते, पिको-फॉलच्या साड्या पोचवायला जाते. पिशवी हँडलला अडकवलेली असते, आत जुन्या चादरी.

आज शेजारच्या मंदाबाई पुलाखाली उभ्या. "काऊन वो सरिता, काही हरपलं का तुयं पुलावर? मघापासून चढून राह्यली, उतरून राह्यली!"

"कानातलं पडलं," म्हटलं. तर बाई माझ्यासोबत कानातलं शोधायला लागल्या!! पाऊण तास. शेवटी मीच एक कानातलं काढून "सापडलं" म्हणून दाखवलं.

२ जानेवारी, शुक्रवार

हसावं की रडावं!

आज मोजायचंच असं ठरवलं होतं. हे झोपले, तसं त्यांचं घड्याळ मी आवाज बंद करून हाताला बांधलं. ठोक्यांची रेघ त्यांच्या फोनवर उमटते म्हणून फोनही घेतला. ओढणी कमरेला खोचली. अंग तापवलं, तीन चढ मारले, चौथ्याला जीव खाऊन सुटले. एकशे पन्नास, साठ, सत्तर! छातीत ढोल वाजतोय, मांड्या पेटल्यात, कापसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मी मागं टाकलं! देवा, काय मजा! आणि तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. थांबले. फोन काढेपर्यंत बंद झाला. आकडा एकशे चौऱ्याहत्तर.

दम खात कठड्याला टेकले, तोच अनुपभाऊजींची गाडी करकचून थांबली. माझे दीर. अंगात बनियन, पायात एकच चप्पल.

"वहिनी! दादा कुठी हाये?"

मी नुसतीच धापा टाकतेय. तर भाऊजी कठड्यावरून खाली रुळांकडे वाकून बघायला लागले!

"घरी... झोपलेत," म्हटलं शेवटी.

मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

झालं होतं असं, की ह्यांचे ठोके दीडशेच्याही पुढे गेले की पुण्याला मेघाच्या फोनवर इशारा जातो. ही सोय तिनंच करून दिलेली, मी पार विसरले! पोरीला दिसलं — पप्पा, पुलावर, एकशे चौऱ्याहत्तर. पप्पा फोन उचलत नाहीत. माझा फोन घरी मशीनवर. तिनं रडत काकाला फोन केला.

भाऊजी फोनवर ओरडत होते, "पप्पा नाई वो बेटा, तुही आई हाये! हो, सायकलवर! आता मले काय मालूम काऊन!"

घरी आलो तर अर्धी गल्ली अंगणात. मधोमध हे, झोपेतून उठवलेले, केस विस्कटलेले. एका बाईनं ह्यांचे तळवे चोळायला घेतले होते. भाऊजींनी सगळं सांगितलं. लोक हसले. हे हसले नाहीत. माझ्या हातावरचं आपलं घड्याळ बघत राहिले.

३ जानेवारी

बोलत नाहीत. जेवले, ताट उचलून ठेवलं. सकाळची फेरी नाही. मेघाचा फोन — आधी रडली, मग रागावली, मग विचारते, "आई, एकशे चौऱ्याहत्तर? खरंच?"

४ जानेवारी

आज बोलले. "मले वाटे, तू माह्यासाठी येत होती सोबत."

म्हटलं, "सुरुवातीला तुमच्यासाठीच. मग कधी माझ्यासाठी झालं, कळलं नाही. मला वर्ध्याची राइड करायचीय." बोलून टाकलं!

उठून बाहेर गेले.

६ जानेवारी

दुपारी मी मशीनवर. समोर येऊन उभे राहिले, फोन पुढं धरला. "हे रेघ पाह्य. सरळ वर चालली होती. मंग धपकन खाली आली. थांबली काऊन तू?"

"मेघाचा फोन वाजला."

"मंग हे तुही लिमिट नाई! अजून होतं तुह्यात. सारी मेहनत वाया गेली." आणि एवढं चिडले, एवढं चिडले की मला हसू फुटलं. मग रडूच आलं. हे तिथंच खुर्ची ओढून बसले, सीट किती वर पाहिजे, चढावर श्वास कसा घ्यायचा, दिवेलागणीपर्यंत सांगत होते. चार ब्लाउज तसेच पडून आहेत. राहू देत!

१२ जानेवारी

मेघानं कुरिअरनं घड्याळ पाठवलं. माझं. इशारा कुणालाच जात नाही, हे तिनं दोनदा बजावून सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार

पूल. मी सायकलवर, हे मागं डुगडुगत्या स्कुटीवर. शेवटच्या चढाच्या निम्म्यावर माझा जीव संपला. आता "हळू" म्हणतील, म्हणतीलच. तर मागून आवाज — "हाण, सरिता! हाण!" आणि त्या ओरडण्यात ह्यांच्याच घड्याळाची टिटी-टिटी. वर्षभर ती वाजली की मी थांबले. "मले काई झालं नाई! मांगं पाहू नको!"

मी पाहिलं नाही. एकशे एक्याऐंशी.