ई-क्लासची वाटणी झाली नाही

माय, काल आपल्या ई-क्लासच्या रानाचा निकाल लागला. वाटणी झाली नाही. हे सगळ्यांत आधी तुझ्या कानावर घालायला हवं होतं, पण तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी बोलायचं तर असं कागद घेऊन बसावं लागतं. कालपासून अंग कसं हलकं झालंय. सकाळी चहा ठेवता ठेवता मी एकटीच हसले, तर तुझा जावई विचारतो, "काय झालं वो?" काय सांगू त्याला?

तुला कुठून माहीत असणार, मी आता आपल्या गावची सरपंच आहे. गावातल्या गावात दिलीस मला, त्याचा हा असा परिणाम. निवडून आले त्या दिवसापासून समोर एकच विषय होता: तुझं सासर आणि तुझं माहेर यांच्या मधलं ते गुरांसाठी राखलेलं रान. पूर्वी दोन्ही गावांची ग्रामपंचायत एकच होती. ती फुटली, त्या रानावर नाव मात्र दोघांचंही राहिलं. तू होतीस तेव्हा तिथं तरोटा आणि बोरीबाभळी सोडून काय होतं? आता कडेनं चौपदरी रस्ता गेलाय. आपल्याकडच्यांना रस्त्याला लागून गाळे काढायचे होते, तिकडच्यांना जमीन सोलरवाल्यांना भाड्यानं द्यायची होती. एका गोष्टीवर तेवढं दोन्हीकडच्या पोरांचं एकमत होतं. आधी मधून तार ओढा, मग आपापल्या वाट्याचं ज्याचं तो पाहील. तसं झालं असतं तर रानातला पाणवठा त्यांच्याकडे गेला असता आणि रस्त्याकडची बाजाराजोगी जागा आपल्याकडे आली असती. म्हणजे गुरांवरून आणि भाजीपाल्यावरून रोज भांडण.

तारेचं नाव निघालं की मला बाबांचा गळ्यात बांधलेला हात दिसतो. मी ओसरीत उभी आहे, तू त्यांना घास भरवते आहेस, आणि ते तुला सांगताहेत, "तुह्या भावानं तार ओढली, माहा हात मोडला. त्याच्या दारात पाय ठेवला तं माह्या घरात येऊ नको." तू दुसरा घास पुढे केलास. मामा तेव्हा तिकडचा मेंबर होता, आपल्या माणसांनी तार उपटली होती, मारामारी झाली होती. तार पुढे गंजून पडली, भंगारवाल्यानं नेली. तुझं माहेर मात्र बंद झालं ते झालंच.

एकदा नांदुऱ्याहून येताना मामा आपल्याच एस.टी.त चढला होता. आठवतं? पुढच्या बाकावर बसला, मागे वळून पाहिलं नाही. त्याचा फाटा आला, तो उतरला, आणि तू खिडकीला डोकं लावून त्याच्याकडे पाहत राहिलीस. मी म्हणाले, "काऊन पायतं तिकडं? दुश्मन हाये तो आपला." तू माझा दंड असा दाबलास की रडूच आलं. "मामा हाये तुहा. असं बोलाचं नाई." आणि बऱ्याच वेळानं, माझ्याशी नव्हे, खिडकीशी बोललीस, "वाकला बाप्पा माहा भाऊ."

आता तर तो पुरताच वाकलाय. काल दोन्ही गावांची सभा त्याच रानात, मांडव टाकून भरली होती. तालुक्याचे साहेब आले होते. ते म्हणाले, दोन्ही गावांचा एकच ठराव पाहिजे, नाहीतर विषय पुन्हा लटकेल. तासभर नुसता गोंधळ. आणि पहिल्या रांगेतून मामा उठला. मला वाटलं, हा आता जुनं उकरणार.

"साहेब, इथं पयली तार मीच ओढली होती," तो म्हणाला. "ढोरं थांबले नाईत, ते तारेखालून निंघून गेले. थांबला कोन, तं मानूस. माही सख्खी बहीन या पलीकडच्या गावात राहे. मेली, तं मले दुसऱ्या दिवशी समजलं. तुमाले काय बांधाचं ते बांधा, मले त्यातलं समजत नाई. पन तार नोका ओढू."

आपल्याकडचा एक पोरगा ओरडला, "अशा बोलन्यानं पोट भरते का, आबा?"

"नाई भरत. म्हून तं म्हंतो, दोघं मिळून बाजार भरवा."

लोक हसले, आणि त्या हसण्यात मला वाट सापडली. मी उभी राहिले. रस्त्याकडच्या पट्टीवर दोन्ही गावांचा मिळून बाजार, पक्के ओटे, वर पत्रे. पाणवठा आणि मागचं रान गुरांना, आहे तसंच. तिकडची सरपंच बाई तिच्या नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "आमाले मंजूर हाये." हात वर झाले. सोलरवाली काही पोरं मोटारसायकली काढून रागानं निघून गेली. त्यांच्याशी मला पुन्हा बोलावं लागेल. पण ठराव झाला, माय.

मांडव सुटताना मामा जवळ आला. तुझं नाव त्याच्या तोंडून निघेना. "चाल घरी," एवढंच म्हणाला, "मामीनं रांधून ठेवलं हाये." मी गेले. ज्या दारातून तुला जाता आलं नाही, त्या दारातून चप्पल काढून आत गेले. मामी म्हणाली, "एवढी सरपंच झाली, अन् आता येऊन राह्यली?" आणि पाट मांडला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, कांद्याची पात. आम्ही जेवलो. मामा मध्ये मध्ये नुसता माझ्या ताटाकडे पाहत होता, संपलं की वाढ म्हणून मामीला खुणावत होता.

हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून एक लिहूनच टाकते. मामीच्या हातचं भरीत तुझ्यापेक्षा चांगलं होतं. मी तीनदा मागून घेतलं.