कार्ल्याची छत्री

२० एप्रिल, रविवार

गेलं. सगळं गेलं!

पेपर वाईट नव्हता. जांभा मृदा, पर्जन्यछायेचा प्रदेश, रामसर स्थळं, माळढोक – सगळं सरळ. आणि मग तो प्रश्न. स्तूपावरची मूळ लाकडी छत्री आजही कुठल्या चैत्यगृहात आहे? मी ‘लाकडी’ वाचलं आणि भाजे ठोकलं. भाज्याच्या छताला लाकडी कमानी आहेत म्हणून! प्रश्न छत्रीचा होता. छत्री कार्ल्याला आहे.

वारज्याहून बस निघाली, पूल आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी आजोबा दरवर्षी कार्ल्याला न्यायचे. बाकीची गर्दी एकवीरेला, आम्ही शेजारी चैत्यात. ‘वर बघ, दोन हजार वर्षांचं लाकूड आहे’, म्हणायचे. मान दुखेपर्यंत बघायचे मी. आणि काळं केलं भाज्याचं वर्तुळ!

कलेचा इतिहास माझा. अभ्यासिकेतल्या माझ्या मैत्रिणीला, अवनीला, तो मी शिकवलाय.

२१ एप्रिल

जेवले नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

२३ एप्रिल

आधी नीट लिहून काढते, डोकं ताळ्यावर येईल.

वारज्याची ट्रस्ट दरवर्षी तीस मुली घेते. राहणं, जेवण, राज्यसेवेची शिकवणी, सगळं फुकट. पप्पा ३१ मेला खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर होतात. क्वार्टर सोडायचं. मग सगळे फलटणकडे, गावी. पुण्यात माझं असं कोणी नाही. ट्रस्टची वयाची अट अशी की पुढच्या वर्षी मला परीक्षेला बसताच येणार नाही. आणि आई बारामतीच्या स्थळाबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. म्हणजे हे तीस जणींत येणं – एवढंच आहे माझ्याकडे. दुसरं काही नाही.

आज उत्तरतालिका लागली. अभ्यासिकेच्या जिन्यात बसून अवनीने फोनवरून वाचायला घेतली. ती उत्तर वाचणार, मी माझ्या कार्बन कॉपीवर बघून बरोबर की चूक म्हणायचं. त्या प्रश्नाला ती म्हणाली, ‘भाजे’. माझ्या तोंडून निघून गेलं – ‘बरोबर’!

तालिकाच चुकलीय. माझ्यासारखीच चुकलीय.

अवनी ओरडली, ‘भाजे कसं? कार्ले ना गं? तूच सांगितलंस मला!’ मी म्हटलं, हो ना.

तिनं कार्ले लिहिलंय. माझ्या भरवशावर.

२४ एप्रिल

ग्रुपवर सगळ्यांनी मार्क टाकले. तिसावी मी. एकतिसावी अवनी, एका मार्कानं मागे. भाजे जवळपास सगळ्यांचंच आहे. नोट्स सगळ्यांच्या एकाच झेरॉक्सवाल्याकडच्या, चुका तरी वेगळ्या कुठून येणार!

तालिका सुधारली तर माझा मार्क जातो, तिचा वाढतो. ती आत, मी बाहेर. इतकं सोपं गणित आयुष्यात पहिल्यांदा आलं.

ट्रस्टच्या कार्यालयात हिंमतराव म्हणून आहेत. अवनी त्यांना विचारून आली. ‘हरकत घ्यायची तर सरकारी पुस्तकातलं पान लावा. लेणं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, याबद्दल आपलं अभिनंदन. कागद आणा.’ क्रमिक पुस्तकात छत्रीचा उल्लेखच नाही. तिनं शोधलं.

मग मला म्हणाली, ‘शर्मिला, तुझ्या आजोबांकडे पुरातत्त्व खात्याची पुस्तिका होती ना? तू दाखवली होतीस एकदा.’

म्हटलं, बघते घरी.

२५ एप्रिल

पुस्तिका पलंगाखालच्या पेटीत आहे. आजोबांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या पुस्तकांबरोबर. काढली. पान सापडलं. एका ओळीत स्वच्छ लिहिलंय. परत ठेवली.

अवनीला सांगितलं, मिळत नाहीये. आईनं रद्दीत घातली असेल.

आईनं! आजोबांचा एक कागद तिनं आजवर टाकलेला नाही. अवनी म्हणाली, ‘अगं असू दे, तू नको त्रास करून घेऊस.’ असं गोड बोललं की मला जास्त संताप येतो.

२६ एप्रिल

स्वतःशी भांडून घेतलं. अवनीला वारज्यात घर आहे. स्वतःची खोली, टेबल, दिवा. आई डबा हातात देते. वय लहान आहे, अजून दोनदा बसू शकते. सदाशिव पेठेतलं जुनं घर विकून फ्लॅट घेतला त्यांनी. तिच्या मामांनी मला ऐकवलं होतं, ‘तुम्हाला काय बुवा, सवलती असतात.’ या ट्रस्टला सवलत नाही मामा. तीस म्हणजे तीस.

पण मामा असं बोलले तेव्हा अवनी ताटावरून उठली होती. हेही लिहायला हवं. नको वाटतं, तरी.

आणि मार्क माझा नाहीच. चुकून पडलेला आहे. मी अधिकारी होणार म्हणे! पहिलीच खुर्ची अशी?

तर मग काय करू? बारामतीला जाऊ? पोळ्या लाटत पश्चिम घाटातली शिखरं पाठ म्हणू?

२७ एप्रिल

पप्पांनी खोकी आणलीत. भांडी भरायला सुरुवात. ‘तुझी पुस्तकं कुठं पाठवायची, वारज्याला का गावाला?’ असं विचारलं. हसत विचारलं. त्यांना वाटतंय माझं झालंच. फॅक्टरीतल्या सगळ्यांना सांगितलंय.

मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

२८ एप्रिल

उद्या हरकतींचा शेवटचा दिवस. आज अभ्यासिकेत अवनी शेजारी बसली होती. एक शब्द नाही काढला पुस्तिकेबद्दल. मला डिंकाचा लाडू दिला. पर्यावरणाचं काहीतरी वाचत होती, हलक्या आवाजात मला समजावत होती. गिधाडं का कमी झाली. जनावरांना दिलेलं औषध, ती मेल्यावर त्यांच्या मांसातून गिधाडांना गेलं. कुणाचा हेतू नव्हता मारायचा, म्हणाली.

मला वाटलं ती मलाच सांगतेय. नसेल. माझंच मन खातंय.

एक दिवस गप्प बसायचं. फक्त एक दिवस. हात बांधून बसणं हा काही गुन्हा नाही. नाही ना?

२९ एप्रिल

दिली.

सकाळी पेटी ओढली तर आई म्हणाली, ‘काय शोधतीस?’ मी पुस्तिका दाखवली. तिनं पदरानं पुसली. ‘आजोबांनी तुला कडेवर घेऊन दाखवली होती ती छत्री. तू म्हणालीस, पाऊस नाही तर छत्री कशाला!’ एवढंच बोलली आणि भाजी निवडायला बसली. तिला काही माहीत नाही. पण मला आजोबांच्या पुस्तकावर बसून राहता येईना. नाहीच आलं.

अवनीला अभ्यासिकेच्या दारातच गाठलं. म्हटलं, सापडली. पानावर खूण केलीय.

तिनं पान वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली. ‘नक्की ना?’

‘नक्की म्हणजे काय? छापलंय ना! जा, कार्यालय बंद होईल.’

‘शर्मिला...’

‘जा म्हटलं ना!’ अंगावर ओरडले तिच्या. दोन मुली वळून बघायला लागल्या.

संध्याकाळी तिचा फोन. ‘दिला अर्ज. शिक्का मारून घेतला.’ मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि पप्पांना सांगितलं, पुस्तकं गावालाच पाठवा. ते खोक्याला सुतळी बांधत राहिले. दुसरी गाठ तीनदा सुटली त्यांच्या हातून.

चांगलं वागल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला माझा मार्क परत हवाय.

२ मे

आईनं बारामतीला फोन लावला. मी अडवलं नाही.

५ मे, सोमवार

यादी लागली. तिसावं नाव माझं!

तीनदा वाचलं. खाली अंतिम उत्तरतालिका – भाजे. बदलच नाही! हरकत नाकारली असणार. छापील पान लावूनही! काय लोक आहेत!

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? मी माझ्याकडून सगळं केलं होतं, तरी मिळालं. म्हणजे आता ते माझं. कुणाचं ओरबाडलेलं नाही.

अवनीचाच फोन आला. ‘अभिनंदन! पेढे आण, बर्फी नको.’ मी म्हटलं, अगं तुझी हरकत... ‘जाऊ दे गं. मी पुढच्या वर्षी.’

पप्पांनी खोक्यांची सुतळी कापली. पुस्तकं परत बाहेर. आई ऐकवत होती, आता बारामतीला काय तोंडानं सांगू, आणि हसत होती.

खूप दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

७ मे

कागदपत्रं द्यायला वारज्याला गेले. हिंमतराव एकटेच होते. म्हटलं, आता विचारायला काय जातंय – कार्ल्याची हरकत का नाकारली? सरकारी पुस्तिका होती, पान होतं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘कुठली हरकत? यंदा एकही अर्ज नाही आला. आम्हाला वाटलं, मुली समाधानी आहेत.’

मी अवनीचं पूर्ण नाव सांगितलं. एकोणतीस तारीख सांगितली.

‘आली होती ती. त्या बाकावर बसली बराच वेळ. पाणी प्यायली, गेली.’

मग फॉर्म पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मला दिसेना. त्यांनी पुन्हा दाखवलं.

केली.