गालिच्याखालचा वारा

यझ्द, ५ तीर महिना

चि. माहरुखला आजीचे ओंजळभर आशीर्वाद, वि. वि.

सगळ्यांत आधी टपकली शेजारची शमसी. तिला म्हणे साखर हवी होती. डोळे सगळे दाराकडे. मग पालिकेची इंजिनियर नाहीद आणि तिचे साहेब आले. आपला छतावरचा वाऱ्याचा बुरूज तडकलाय ना, तो दुरुस्त करायचा की पाडायचा ते ठरवायला. ऐन दुपारी वीज बंद करून बसले. खोली गार झाली तर ठेवू, नाहीतर पाडून गार हवेचं यंत्र बसवू, म्हणाले. मी बदामाचे गोड कुताब तळले, लग्नातला गालिचा अंथरला, जमिनीतल्या मधल्या जाळीवरूनसुद्धा, पाहुण्यांचा पाय अडकायला नको. पण मेली खोली भट्टीच. साहेब घाम पुसत म्हणाले, आजी, बुरूज म्हातारा झाला. शमसी म्हणते, मालकिणीवर गेलाय. आता पाडायच्या कागदावर सही मागतायत.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी आजी

तेहरान, ९ तीर

ती. आजीस शि. सा. न.

सही करू नकोस. लहानपणी मी त्या जाळीला गाल लावून झोपायचे, उठले की गालावर चौकटी. खाली पाटाचं पाणी वाहतं, त्याचा गारवा बुरुजातला वारा जाळीतूनच वर ओढतो. आणि तू तिच्यावर गालिचा घातलास? त्यांना परत बोलाव. शमसीमावशीला म्हणावं, साखर परत कर.

तुझ्या रागाची वाट बघणारी,
माहरुख

यझ्द, १५ तीर

चि. माहरुखला अनेक आशीर्वाद.

शहाणी झालीस हो. निरोप धाडला, साहेब कुरकुरत आले. वीज बंद केली, मी गालिचा गुंडाळला. बराच वेळ काही नाही. मग शमसीच्या ओढणीचं टोक हललं. जाळीतून ओल्या मातीचा वास आला, आणि असा गारवा, की साहेबांनी दुमडलेल्या बाह्या सोडल्या. नाहीद जाळीपाशी बसून पाणी ऐकत राहिली.

या घरात म्हातारी झाले गं, त्याच गारव्यात रोज भाजी निवडली, पण मान वर करून बघितलं ते आत्ता. बुरुजाच्या टोकाला आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो. डोंगरातलं पाणी अंधारातून चालत येतं, आभाळातला वारा त्याला भेटायला खाली उतरतो, आणि दोघांची गाठ पडते आपल्या बैठकीत. कुणी जमवली असेल ही सोयरीक? अंगावर काटा आला.

शमसी म्हणाली, मालकिणीवरच गेलाय, तोंड झाकलं की गुदमरतो. साहेबसुद्धा हसले, आणि पाडायचा कागद त्यांनी फाडला.

जाळी मोकळी आहे. तुझा गाल कधी आणतेस?

तुझी आजी

ता. क. साहेब गवंड्याला घेऊन शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.