मौनाच्या दिवशी बंद राहिलेलं दार

प्रिय बाय,

तुझी भावजय रेजिना आणि सोनल चर्चमध्ये मिस्साला गेल्यात. डोकं दुखतंय म्हणून मी अजमानच्या घरी थांबलोय. डोकं दुखत नाही. उद्या दुपारी टांझानियाहून तुझ्या मठाच्या प्रमुख, सुपिरियर, फोन करणार आहेत. तुझ्या भाचीला, सोनलला, तिथं नोव्हिस म्हणजे शिकाऊ नन म्हणून जायचंय. ती सज्ञान आहे, तरी आईवडिलांचं मन त्यांना जाणून घ्यायचंय. मला उत्तर द्यायचंय आणि ते माझ्याजवळ नाही. तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू?

हे सगळं तुझ्या फोनमुळे झालं, माहीत आहे ना? महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमचं मौन, आणि रविवारी मिस्सा झाली की तुझा फोन. दिवसभराचं तुंबलेलं बोलणं एकदम सुटायचं! या महिन्यात स्वयंपाकाची पाळी कुणाची, कुठल्या नोव्हिसने मक्याच्या पिठाची उगाली करपवली, कोण घरच्या आठवणीने रडली, कोंबड्या किती उरल्या. मी फक्त हं हं करायचो. सोनल मात्र फोन स्पीकरवर टाकून ऐकायची. "आत्या, फिर क्या हुआ? Tell me!" आम्हाला वाटायचं, पोरीला गंमत वाटते.

त्या रविवारीही तुझ्याच नंबरवरून फोन आला. "बाय, बोल!" मी म्हणालो. पलीकडे सुपिरियर होत्या.

मलेरिया, त्या म्हणाल्या. शनिवारी सकाळी तू प्रार्थनेला आली नाहीस. त्यांना वाटलं, खोलीत एकांतात बसली असेल. दुपारी एका मुलीने दारावर हलकेच टकटक केली आणि ताट उंबऱ्याशी ठेवून ती गेली. संध्याकाळी ताट तसंच दिसलं, तेव्हा दार उघडलं. तोवर तुझी शुद्ध हरपली होती. दवाखाना लांब. वाटेतच तू गेलीस.

"दुपारीच का नाही उघडलं?" मी विचारलं.

"आमचा मौनाचा दिवस होता. सिस्टर प्रार्थनेत आहेत असं वाटलं."

"बरं," म्हणालो. फक्त बरं! थँक्यू म्हणून फोन ठेवला. मग शारजाच्या गोडाऊनमध्ये जाऊन ट्रकचे सुटे भाग मोजून घेतले, कारण तो माल त्याच दिवशी निघायचा होता.

आणि तू? ताप चढत होता तेव्हा तुला तरी हाक मारता आली नाही? त्या पोरीने टकटक केली तेव्हा जागी होतीस का? जागी असून गप्प राहिलीस का? त्या मुलींना घडवणारी तूच होतीस. नियम मोडलेला त्यांना दिसू नये, असं वाटलं का तुला? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न सुटत नाही. रागावू नकोस. मीच रागावलोय.

काल जेवताना रेजिनाने विषय काढला. "तुम्ही काहीतरी बोला. मुलगी चाललीय आणि हा माणूस भाजीत लिंबू पिळतोय!"

मी म्हणालो, "सोनल, तुझी आत्या तिथं कशी गेली, विसरलीस?"

"पप्पा, I'm a nurse. I would have opened that door."

"पहिल्या वर्षी उघडशील. पाचव्या वर्षी? तोवर तुलाही तो नियम अंगवळणी पडेल. तुझ्या आत्यालाही पडला होता."

तिने चमचा खाली ठेवला. डोळे भरले होते. "So you think I'll die there."

"इन्शाल्ला, नाही," असं काहीतरी पुटपुटलो. रेजिना उठून किचनमध्ये गेली. तिघांचंही जेवण राहिलं.

बाय, आपल्या घरात मोठ्याने कुणी कधी काही मागितलंच नाही. तूही नाहीस, मीही नाही. ही पोर मागतेय. तिला अडवलं तर ती थांबेल, पण मग जेवताना माझ्याकडे बघणार नाही. जाऊ दिलं तर दर पहिल्या शनिवारी माझा जीव टांगणीला. तू सांग, कसं पेलायचं?

मी ठरवलंय. उद्या फोन आला की सुपिरियरना आधी विचारणार: मौनाच्या दिवशी सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रत्येक दार उघडून आतल्या बाईशी यापुढे कुणी बोलेल का? "आम्ही विचार करू" असं म्हणाल्या, तर सोनल इथंच राहील. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. पण हो म्हणाल्या, तर तिच्या बॅगा मी स्वतः गाडीत ठेवीन. तुझ्यासाठी तेव्हा मी नुसतं बरं म्हणालो. उद्या पुरतं उत्तर मिळाल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही, हा माझा शब्द.

तुझा धाकटा भाऊ,
विल्सन