घर दोघांच्या नावावर

६ फेब्रुवारी
घर विकायचं म्हणून वकिलाकडे गेले, तर त्याने चहाचं विचारलं नाही, आधी आवाज खाली घेतला. आवाज खाली घेणारी माणसं मला चालत नाहीत. हा धाकटा हॅवर्थ. बाप बरा होता, आम्ही घर घेतलं तेव्हाचे कागद त्यानेच केले. हा म्हणतो, मिसेस नटॉल, घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे, मिस्टर नटॉल गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, त्यांचा मृत्यूचा दाखला तेवढा आणून द्या, म्हणजे नाव कमी करता येईल. सगळं एका दमात. वाईट वाटलं आणि दाखला आणा, मध्ये श्वास नाही.

हा वकील नको. कारण: टाय मळका.

ठरलंय ते लिहून ठेवते. ईस्टरला मी बरी गावात, नव्या फ्लॅटमध्ये. तळमजला, जिना नाही, नात लिंडसे दोन गल्ल्या सोडून. नोव्हेंबरात मी जिन्यावरून पडले तेव्हापासून पोरीने भुणभुण लावलीय. हे घर विकलं की तो फ्लॅट. सरळ आहे.

९ फेब्रुवारी, दुपारी चार
जिन्याची चौथी पायरी वाजली. लाकूड आहे, थंडीत आकसतं. रोज चारलाच आकसतं, कारण चारलाच थंडी वाढते. माझा विल्फ चारला भाजीच्या वाफ्यांवरून परत यायचा आणि चिखलाची पँट बदलायला वर जायचा, त्याचा इथे संबंध नाही.

भुतांवर माझा विश्वास नाही. सगळा जन्म स्लिपरच्या कारखान्यात सोल चिकटवले. तिथे निम्म्या बायकांना भुतं दिसायची. सोल्यूशनचा वास, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी
लिंडसे आली. वकील कसा निवडायचा यावर लेक्चर. आजी, एकूण फी किती ते आधी विचार, मागून वाढणार का ते विचार. काम तोच माणूस बघणार की कोणी भलताच? आणि इस्टेट एजंट ज्याचं नाव सुचवेल त्याच्याकडे डोळे मिटून जाऊ नकोस, त्याचं त्यात काहीतरी असतं. मी म्हटलं, नवरा निवडताना मी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. म्हणाली, ते दिसलंच आम्हाला.

दोघी हसलो. मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं. लिंडसे म्हणाली, शेजारच्यांना सर्दी झालेली दिसते. शेजारचं घर नाताळापासून रिकामं आहे. मी म्हटलं, असेल. पोरीला अंधारात गाडी चालवत जायचं होतं.

२० फेब्रुवारी
दुसरी वकील. मिस अंजुम. इथलीच, बाजारामागे वाढलेली, तोंड माझ्यासारखं फटकळ. लिंडसेचे सगळे प्रश्न विचारले. फी ठरलेली, काम तीच बघणार, एजंटला ओळखत नाही. चहा दिला, साखर विचारून. खोट काढायला जागा ठेवली नाही बाईने. मग म्हणाली, नवरा कधी वारला? मी म्हटलं, तुला काय करायचंय? म्हणाली, मला काही करायचं नाही हो मावशी, सरकारी नोंदीत त्यांचं नाव आहे, दाखला दिलात की दहा मिनिटांत काढते.

दहा मिनिटांत! ते नाव चढवायला आमचं तारुण्य गेलं.

ही पण नको. घाईची आहे.

दाखला कुठे आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. नोंदणी कचेरीत गेले त्या दिवशी पाऊस होता, मी विल्फचा कोट घातला होता, त्याच्या आतल्या खिशात ठेवला. कोट दारामागे खुंटीवर आहे. आज हात घातला. आत ऊब होती, कोणी आत्ताच कोट काढून टांगावा तशी. हीटरची असेल. हीटर स्वयंपाकघरात आहे, पण ऊब पसरते. हात बाहेर काढला. दाखला कुठे पळून जात नाही.

२ मार्च
एजंटने गिऱ्हाईक पाठवलं. तरुण जोडपं, मुलगी पोटुशी. घर आवडलं. खिडकीतून माळ दिसतो त्याचं कौतुक. माळावरचा वारा आत येतो ते मी सांगितलं नाही. मुलगी जिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, वर कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. तिचा नवरा म्हणाला, जुनी घरं बोलतातच गं.

ती गेल्यावर घर चूप. चारला पायरी वाजली नाही. मी कान देऊन बसले नव्हते, विणत होते, पण वाजली असती तर ऐकू आली असती. शेवटी जाऊन पायरीवर उभी राहिले. माझ्या वजनानेही वाजेना. रुसणं त्याला पहिल्यापासून जमायचं.

हे वरचं वाक्य खोडायचं आहे. लाकूड रुसत नाही.

५ मार्च
जोडप्याचा होकार आला. वकील अजून नाही म्हटल्यावर एजंट म्हणाला, आमची मँचेस्टरची माणसं आहेत, सगळं फोनवर होतं. लिंडसेने नको म्हटलं होतं. पण फोनवरच्या मुलीने वाईट वाटलं असं म्हटलं नाही, दाखला मागितला नाही, फक्त फाइलचा नंबर सांगितला. मला अशीच माणसं हवी होती. कोणाला कोणाचं पडलेलं नाही. निवड जमली. ईस्टरला बरी, नक्की.

१३ मार्च
मँचेस्टरचा फॉर्म. शेजाऱ्यांशी भांडण आहे का? लिहिलं, नाही. मिसेस पिकप मेल्यापासून नाही. छप्पर गळतं का? लिहिलं, बादली सोबत मिळेल. पुढचा प्रश्न: तुमच्याशिवाय सतरा वर्षांवरचं आणखी कोण या घरात राहतं?

पेन थांबलं. त्या पोटुशीला तोंडावर खोटं सांगितलं ते टोचत होतंच. आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर घेणारा कोर्टात खेचतो, असं लिंडसेच म्हणाली होती. विचार करत होते तेवढ्यात पायरी वाजली. इतक्या दिवसांनी. मान्य आहे, मला बरं वाटलं.

लिहिलं: विल्फ्रेड नटॉल, माझा नवरा. पाकीट बंद केलं, पेटीत टाकून आले. काही होत नाही. वाचतंय कोण.

२८ मार्च
मँचेस्टरहून पाकीट. वर नाव मिस्टर डब्ल्यू. नटॉल. उघडलं नाही. दुसऱ्याची पत्रं मी उघडत नाही. त्याचं टपाल ठेवते तिथे, टीपॉटला टेकवून ठेवलं आणि दुकानात गेले. परत आले तर फोडलेलं. कडेला लोणी. मीच जाता जाता सुरीने फोडलं असेल, डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. फक्त, मी लोणी खात नाही, मार्जरीन खाते.

आत लिहिलंय: आमच्या फाइलप्रमाणे तुम्ही या घराचे सहमालक आहात आणि तिथेच राहता. विक्रीला तुमची संमती आहे का, आणि ताबा देण्याच्या दिवशी तुम्ही घर सोडून जाल का, ते सही करून कळवा. तुमच्या सहीशिवाय पुढे जाता येणार नाही.

म्हणजे वाचतात मेले.

३० मार्च, शुक्रवार
सकाळी लिंडसेचा फोन, मँचेस्टरवाल्यांशी बोलली होती. ओरडलीच. आजी, आजोबांना पत्र? तू फॉर्मवर लिहिलंस तरी काय? इथे दोन्हीकडच्या सह्या होऊन कराराची अदलाबदल होईपर्यंत कोणी कोणाला बांधलेलं नसतं, ते दोघं आज पाचपर्यंत थांबतील आणि दुसरं घर घेतील. ते गेले की तुझा फ्लॅटही गेला. दाखला कुठे आहे तेवढं सांग, मी येऊन घेते. मी म्हटलं, सापडत नाही. मग हळूच म्हणाली, आजी, तुला खरंच यायचंय ना? मी म्हटलं, म्हणजे काय? सामान बांधून बसलेय.

सामान बांधलेलं नाही. एक खोका भरला होता, त्याचे शर्ट. सकाळी खोका रिकामा आणि शर्ट कपाटात, त्याच्याच क्रमाने, निळे आधी.

चारला पायरी वाजली. वर जाताना नाही, खाली उतरताना. मग थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही, बटाटे सोलत होते.

पाचला फोन. जोडपं गेलं. बरीचा फ्लॅट सहाच्या आत दुसऱ्या बाईला गेला. लिंडसे रडत होती, रडता रडता म्हणाली, मँचेस्टरवाले विचारतायत, फाइल बंद करायची का, त्यांना काय सांगू?

मला कशाला विचारता? माझं ठरलेलं आहे, मी केव्हाही निघायला तयार आहे. सही ज्याची अडलीय त्याला विचारा. पत्र त्याच्या नावाचं आहे, पेन मी बाजूला ठेवलंय. विल्फ, ऐकतोयस ना? त्या पायरीवर उभा राहू नकोस. खाली ये, आणि त्यांना उत्तर तूच दे.