सात सीटची गाडी आणि लोखंडी पेटी

मेकॅनिक रेडिएटरचा पाइप बदलतो आहे, चौथ्यांदा. हात पुसून तो साक्षीदार म्हणून सही करायला येईल, तोवर हे लिहून संपवतो. माझे वय अडुसष्ट. डोके ठिकाणावर आहे. संताप आहे, पण त्याने बुद्धी गेलेली नाही. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पत्नीचे. तिला तिथून कोणी हलवू नये.

२. बँकेतील ठेवही तिचीच. ती इतकी थोडी का, हे तिला विचारू नये. दाराशी गाडी उभी आहे, त्या गाडीला विचारावे. क्लच तीनदा, गिअरबॉक्स एकदा, इंजिन दोनदा उघडले. अकरा वर्षांपूर्वी नवी घेतली असती तर स्वस्त पडली असती.

३. गाडी मी थोरल्या भावाकडून घेतली. आधी मेकॅनिकला दाखवतो म्हणालो, तर दादा म्हणाले, "सख्ख्या भावाची गाडी तपासणार तू?" मला लाज वाटली. चावी घेतली. दुसऱ्या वर्षी सीटखालचे कार्पेट उचलले, तेव्हा वाळलेला गाळ निघाला. गाडी पुरात बुडाली होती. दादांना ते ठाऊक होते. जाब विचारला, तर म्हणाले, तू तेव्हा विचारलेस कुठे.

४. आई इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती, त्या दुपारी गाडी तापून चढावर बंद पडली. मी पोचलो तेव्हा ती जाऊन तास झाला होता. दादा दारातच होते. "तुला वेळेवर यायची सवयच नाही," एवढेच बोलले. मी गप्प राहिलो. आज राहत नाही.

५. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग मी तारखेची चिठ्ठी बांधून लोखंडी पेटीत ठेवला आहे. पेटी दादांना. त्यांनी ती स्वतः उचलून न्यावी. हमाल लावू नये.

६. गाडी मुलीला. तिची दोन मुले आणि सासूबाईंची चाकांची खुर्ची दुसऱ्या कशात मावत नाहीत. दोष सांगतो: दुसरा गिअर अडकतो, डावे सरकते दार आतूनच उघडते, चढावर एसी बंद ठेवावा लागतो. तरीही, बाळ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. हातात घेण्याआधी तपासून घे. मला राग येणार नाही. आला तरी तपास.

साक्षीदार: मेकॅनिक (सही). समोरच्या घरातील निवृत्त नर्सबाई (सही).
लिहून देणार: गाडीचा मालक (सही).
ठिकाण: घरासमोर, बॉनेट बंद करून त्यावर कागद ठेवून.
दिनांक: ९ मार्च.

पुरवणी, १० मार्च. काल रात्री मुलीला फोनवर कलम सहा वाचून दाखवले. आज सकाळी ती आली. सोबत मेकॅनिक होता, तिच्या ओळखीचा; आमचा नव्हे. मला नमस्कारही न करता तो गाडीखाली शिरला. तासाभराने बाहेर आला आणि मागच्या चाकांच्या वरची पट्टी गंजून पोकळ झाल्याचे त्याने सांगितले. हे माझ्या यादीत नव्हते. कलम सहामधल्या दोषांत हेही धरावे. साक्षीदारांना बोलावून पुन्हा सह्या घेतल्या.